हत्ती आला त्या रात्री

दोडामार्ग तालुक्यात 2002 साली कर्नाटकाच्या बाजूने जंगली हत्ती उतरले. तोवर हत्ती म्हटलं की इथल्या माणसाला सर्कस आठवायची, नाहीतर गणपती. त्यानंतरच्या वर्षांत तिलारी खोऱ्यातल्या कितीतरी घरांत एकेक रात्र अशी होऊन गेली, की ती सांगितल्याशिवाय त्या घराची हकिगत पुरी होत नाही. कुणाची केळीची बाग सकाळी आडवी झालेली दिसली, कुणाचे वर्षानुवर्षं जोपासलेले माड पडले, कुणी फटाके लावत आणि पत्र्याचे डबे वाजवत पहाट केली.

अशा एका घरात काय बोलणं होईल ते डोळ्यांसमोर आणू. खळ्यात बसलेली नात विचारते, "आजोबा, हत्ती इलो त्या राती तुमी खंय होतास?" आजोबा दोन-तीन सेकंद गप्प होतात. नजर समोरच्या माणसांवरून उचलली जाते आणि कुठेच न पाहता स्थिर होते. मग ते सांगू लागतात. पडवीत निजलो होतो, कुत्रा वेड्यासारखा भुंकत होता, बागेतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला, बॅटरी मारली तर पोफळींच्या मधोमध काळं काहीतरी हललं.

गोष्ट सुरू झाली की आपण तिच्यात रमतो. पण मला त्या गोष्टीइतकंच त्याआधीच्या गप्प क्षणाचं नवल वाटतं. तेवढ्या वेळात त्यांच्या मेंदूत जे घडून जातं ते समजून घ्यायला विज्ञानाला सत्तर वर्षं लागली आहेत, आणि काम अजून चालूच आहे.

प्रश्न कानावर पडतो, त्याचा अर्थ लागतो, आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग कामाला लागतो. नेमकं काय शोधायचं हे आधी ठरवावं लागतं, कारण हत्तीशी जोडलेलं डोक्यात पुष्कळ काही असतं: पेपरातला फोटो, शेजाऱ्याच्या बागेतली नासधूस, पंचनाम्याला माणसं आली तो दिवस. हवी आहे ती एकच रात्र. प्रीफ्रंटल भाग शोधाला दिशा देतो, नको ते बाजूला सारतो, आणि हाती लागलं ते बरोबर आहे का हेही तपासतो. सांगता सांगता आजोबा मध्येच थांबून "नाय, नाय, तां दुसऱ्या वर्षी" असं म्हणतात ना, ती याच तपासणीची खूण.

शोध सुरू होतो, पण प्रत्यक्ष जुळणी दुसरीकडे होते. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या तळाशी, हिप्पोकॅम्पस नावाचा जेमतेम चार-पाच सेंटिमीटर लांबीचा वळलेला भाग आहे. उजवीकडे एक, डावीकडे एक. ती रात्र घडत होती तेव्हा आजोबांच्या मेंदूचे अनेक भाग एकाच वेळी जागे होते. मागचा भाग बॅटरीच्या झोतात दिसणारं टिपत होता, कानाशेजारचा भाग मोडणाऱ्या खोडांचा आवाज ऐकत होता, आणखी एक भाग आपण पडवीत कुठे उभे आहोत आणि बाग कुठल्या अंगाला आहे याचा हिशोब ठेवत होता. टायलर आणि डिसेना या दोन संशोधकांनी 1986 साली मांडलेला विचार असा, की हिप्पोकॅम्पस ही सगळी सामग्री स्वतःजवळ ठेवत नाही. कोणकोणते भाग एकत्र जागे होते, एवढीच नोंद तो ठेवतो. पुढे कधीतरी त्यातला एक धागा हाती आला, नुसतं कुत्र्याचं भुंकणं कानावर पडलं, तरी त्या नोंदीवरून तो बाकीच्या भागांना पुन्हा जागं करू शकतो.

हे नुसतं तर्काने सांगितलेलं नाही. 2000 साली अमेरिकेत व्हीलर, पीटरसन आणि बकनर यांनी काही लोकांना शब्दांसोबत चित्रं आणि आवाज शिकवले, आणि मग नुसता शब्द देऊन बाकीचं आठवायला सांगितलं. चित्र आठवताना पाहण्याशी संबंधित भाग जागा झाला, आवाज आठवताना ऐकण्याशी संबंधित. समोर चित्र नव्हतं, कानात आवाज नव्हता. आजोबांना मोडणाऱ्या केळींचा आवाज आठवतो तेव्हा त्यांच्या मेंदूचा ऐकणारा भाग खरोखरच काही अंशी ऐकत असतो.

त्याहून विलक्षण पुरावा 2008 सालचा. अपस्माराच्या काही रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी बारीक तारा बसवाव्या लागतात. कॅलिफोर्नियात इत्झाक फ्रीड यांच्या गटाने अशा रुग्णांना त्यांच्या संमतीने काही सेकंदांच्या चित्रफिती दाखवल्या आणि एकेका पेशीची हालचाल टिपली. एखादी पेशी ठरावीक चित्रफितीलाच जोरात प्रतिसाद द्यायची. नंतर रुग्णांना पाहिलेलं आठवून सांगायला सांगितलं, तेव्हा तीच पेशी पुन्हा जागी झाली, आणि तीही रुग्णाने ती चित्रफीत आठवल्याचं बोलून दाखवण्याआधी, सेकंद-दीड सेकंद. तोंड उघडण्यापूर्वीचा तो गप्प क्षण त्या यंत्रावर उमटला.

हिप्पोकॅम्पसचं महत्त्व जगाला एका माणसाच्या दुर्दैवाने कळलं. हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाला अपस्माराचे भयंकर झटके यायचे. 1953 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा भाग बराचसा काढून टाकला. झटके कमी झाले, पण त्या दिवसापासून नवा अनुभव त्याच्या मनात टिकेना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ त्याला वर्षानुवर्षं भेटत राहिल्या, आणि प्रत्येक वेळी त्या त्याला नव्याच असत. त्यांचा आणि स्कोव्हिल यांचा 1957 सालचा लेख हा स्मृतीच्या अभ्यासातला मैलाचा दगड. 2008 साली मोलेसन वारला, तोवर संशोधनात त्याचं नाव गुप्त होतं. सगळे त्याला एच. एम. म्हणायचे.

त्याच्याबाबतीत एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. मोलेसनला आपलं लहानपण माहीत होतं. आईवडील कोण, गाव कुठलं, शाळेत काय चालायचं, हे तो सांगायचा. पण पुढे संशोधकांनी त्याला एखादा ठरावीक दिवस, एखादा ठरावीक प्रसंग तपशिलाने सांगायला सांगितला तेव्हा त्याच्याकडे जवळपास काहीच नव्हतं. म्हणजे 'काय असायचं' हे त्याला ठाऊक होतं, 'त्या दिवशी काय झालं' हे नाही. एन्डेल टुल्व्हिंग यांनी 1972 साली स्मृतीचे हेच दोन प्रकार वेगळे केले होते: माहितीची स्मृती आणि प्रसंगांची स्मृती. दुसऱ्या प्रकारात माणूस स्वतः मागे जातो आणि तो प्रसंग पुन्हा आतून पाहतो. इथे आपण बोलतो आहोत ते त्याच दुसऱ्या प्रकाराबद्दल.

मात्र एकटा हिप्पोकॅम्पस पुरत नाही, हे कळलं ते आडवाटेने. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा तो वापरतो, आणि माणूस काहीही न करता स्वस्थ पडला तरी हा खर्च फारसा उतरत नाही. 2001 साली सेंट लुईसच्या मार्कस रेकल यांनी दाखवलं, की समोरचं काम सुटलं की मेंदूचे काही ठरावीक भाग उलट अधिक जोमाने चालू लागतात. कपाळामागे मधोमध एक, डोक्याच्या मागे मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या फटीत एक, कानाच्या वर जरा मागे दोन्ही बाजूंना एकेक. या गटाला डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. आपण स्वस्थ बसलो की काय करतो? मागचं आठवतो, पुढचं योजतो, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा विचार करतो. या तिन्ही वेळी हेच जाळं पुढे असतं. आजोबांची नजर समोरून सुटली, तेव्हा बाहेरच्या जगाकडे पाहणाऱ्या यंत्रणेचं काम मंदावलं आणि या आतल्या जाळ्याला वाट मिळाली.

चरण रंगनाथ आणि मॉरीन रिची यांनी 2012 साली एक उपयुक्त विभागणी सुचवली. हिप्पोकॅम्पसला येऊन मिळणारी दोन मोठी जाळी आहेत. पुढच्या अंगाचं जाळं माणसं आणि वस्तू ओळखतं, त्यांचं आपल्याला काय वाटतं हे सांभाळतं. मागच्या अंगाचं जाळं स्थळ, प्रसंगाची मांडणी आणि काय कशानंतर घडलं हे धरून ठेवतं. हत्ती, बॅटरी, शेजारचा माणूस हे पहिल्याकडून येतं. पडवी, बाग, पायवाट आणि घटनांचा क्रम दुसऱ्याकडून. हिप्पोकॅम्पस दोन्हींची गाठ मारतो. आठवण जितकी लख्ख, तितका या भागांचा आपसातला संवाद वाढलेला दिसतो, असं मेंदूच्या चित्रणात पुन्हा पुन्हा आढळलं आहे.

यातलं स्थळाचं काम दोडामार्गात समजून घ्यायला एक दुःखद कारण आहे. तिलारी नदीवर महाराष्ट्र आणि गोवा यांनी मिळून मातीचं मोठं धरण बांधलं. हीच नदी पुढे गोव्यात शापोरा म्हणून समुद्राला मिळते. धरणाच्या पाण्याखाली आयनोडे, सरगवे, पाल, पाटये अशी गावं गेली. माणसं पुनर्वसनाच्या वसाहतींत आली. घरं, देवळं, मळे, पायवाटा मागे राहिल्या. या गावांतल्या कुणाही जुन्या माणसाला लहानपणाचा प्रसंग विचारून पाहा. तो प्रसंगाआधी जागा सांगतो. देवळाकडून खाली उतरलं की व्हाळ लागायचा, व्हाळ ओलांडला की अमक्याचा मांगर, त्याच्या पलीकडे फणस, आणि त्या फणसाखाली हे झालं. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारा मुद्द्यावर कधी येणार! पण तो मुद्द्यावरच आलेला असतो. मेंदूची प्रसंग उभा करायची रीतच अशी आहे.

जॉन ओकीफ यांना 1971 साली उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर एका ठरावीक जागी आला की जाग्या होत. मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी 2005 साली शेजारच्याच भागात अंतराचा हिशोब ठेवणाऱ्या पेशी दाखवल्या. तिघांना 2014 सालचं नोबेल मिळालं. आठवणीचा मुख्य भाग आणि जागेचा नकाशा ठेवणारा भाग एकच निघाला, हा योगायोग नव्हे.

2007 साली लंडनमध्ये डेमिस हसाबिस, एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांना काहीही आठवायला सांगितलं नाही, फक्त कल्पना करायला सांगितली: तुम्ही पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर पहुडला आहात, आजूबाजूला काय दिसतं ते सांगा. मालवणच्या पोराला हा प्रश्न विचारला तर तो वाळू, होड्या, जाळी, माडांची सावली, पलीकडचा किल्ला सगळं जागच्या जागी मांडून दाखवील. त्या रुग्णांना सुटे तुकडे तेवढे सांगता आले, त्यातून एक अखंड दृश्य उभं राहीना. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेत नाव मिळवून 2024 सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी झालेले हसाबिस ते हेच. आधी जागा उभी करणं, मग तीत माणसं आणि घटना आणणं, हे काम भूतकाळासाठी आणि कल्पनेसाठी सारखंच लागतं. म्हणून गाव पाण्याखाली गेलं तरी गावच्या माणसाच्या डोक्यात ते चालता येण्याजोगं उरतं.

अशा मनातल्या वाटेवर दुसरंही काही ठेवता येतं. मार्टिन ड्रेसलर यांच्या 2017 सालच्या प्रयोगात सामान्य लोकांनी रोज अर्धा तास, 40 दिवस, ओळखीच्या वाटेवर एकेक शब्द मनाने ठेवत जायचा सराव केला. सुरुवातीला 72 पैकी तीसच्या आत शब्द आठवणारी माणसं शेवटी साठीच्या घरात पोचली.  मेंदूच्या भागांची एकमेकांशी जोडणी बदलली होती आणि स्मरणाच्या स्पर्धा गाजवणाऱ्यांसारखी होऊ लागली होती.

वासाचं थोडं वेगळं आहे. दिसणं, ऐकणं, स्पर्श या सगळ्यांच्या वाटा थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यातून जातात. वासाची वाट ते ठाणं टाळून अमिग्डला नावाच्या छोट्या भागाशी आणि हिप्पोकॅम्पसच्या दाराशी थेट पोचते. मार्च-एप्रिलमध्ये काजीखाली पडलेल्या बोंडांचा तो आंबूस, गोड, किंचित नाकात झोंबणारा वास आला, की मुंबईत तीस वर्षं काढलेला चाकरमानीही क्षणात उन्हाळी सुट्टीत जाऊन पोचतो, आणि आपण कशाने पोचलो हे त्याला मागाहून कळतं.

आता अवघड भाग. आजोबांनी सांगितलेली रात्र खरी किती?

इथे दशावताराचा दाखला मला सगळ्यात नेमका वाटतो. जत्रेत रात्री उभा राहणारा दशावतार लिहिलेल्या संहितेवर चालत नाही. आख्यान कुठलं, पात्रं कोणती, प्रवेशांचा क्रम काय, एवढं रंगपटात ठरतं. संवाद नट रंगमंचावर रचतो. पेटी, मृदंग आणि झांज त्याला उचलून धरतात. समोरच्या नटाने टाकलेल्या शब्दावर याचा पुढचा शब्द येतो. तेच आख्यान पुढच्या गावच्या जत्रेत उभं राहतं ते ओळखू येतं, पण शब्दाला शब्द तेच नसतं. प्रसंग आठवणं अगदी असं आहे. हिप्पोकॅम्पसजवळ आख्यानाचा आराखडा असतो, बाकीचे भाग आपापलं काम घेऊन येतात, आणि आठवण त्या वेळी उभी राहते. सुटलेली जागा 'अशा वेळी साधारण काय होतं' या ज्ञानाने भरून निघते. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 सालीच लिहून ठेवलं, की स्मरण ही नव्याने रचण्याची क्रिया आहे. उंदरांवरच्या 2000 सालच्या एका गाजलेल्या प्रयोगात करीम नादेर यांनी दाखवलं, की जागी केलेली भीतीची आठवण काही काळ कच्ची होते आणि तिला पुन्हा पक्कं व्हावं लागतं. आजोबांनी ती रात्र जितक्या वेळा सांगितली, तितक्या वेळा ती थोडी घडवलीही गेली.

भीतीमुळे ती अधिक पक्की झाली असणार, हे आपलं म्हणणं निम्मं खरं आहे. बदामाएवढा अमिग्डला धोक्याच्या वेळी हिप्पोकॅम्पसला जोर देतो, आणि मध्यवर्ती गोष्ट घट्ट बसते. हत्ती आला होता आणि तो पोफळींत उभा होता, हे विसरणं शक्य नाही. पण आजूबाजूचा तपशील तितका सुरक्षित नसतो, आणि खात्री मात्र सगळ्याचीच वाटते. 1986 साली चॅलेंजर अवकाशयान फुटलं, त्याच्या दुसऱ्याच सकाळी अल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कुणी सांगितलं. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना तेच पुन्हा विचारलं. 11 जणांचा एकही मुख्य तपशील जुळला नाही. स्वतःच्याच हस्ताक्षरातला पहिला कागद पाहूनही काहींना नवी हकिगतच खरी वाटत राहिली. ती माणसं खोटं बोलत नव्हती, आणि आपले आजोबाही बोलत नाहीत.

मग एका गावाने एकत्र पाहिलेल्या गोष्टीचं काय होतं? जॅनिस चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली छापलेल्या प्रयोगात लोकांना 'शेरलॉक' मालिकेचा सुमारे पन्नास मिनिटांचा भाग दाखवला आणि मग मेंदूचं चित्रण चालू असतानाच, कुठलीही सूचना न देता, तो आठवून सांगायला लावला. काही जण वीस मिनिटांहून अधिक बोलले. शब्द प्रत्येकाचे वेगळे, लांबी वेगळी. पण एकच दृश्य सांगताना वेगवेगळ्या माणसांच्या मेंदूतल्या हालचालीचा साचा, विशेषतः त्या डिफॉल्ट जाळ्यात, एकमेकांशी जुळत होता. एका जत्रेत बसलेली माणसं वर्षांनंतर तो खेळ सांगतात, तेव्हा त्यांच्या डोक्यांत सारखं काही खरोखरच चाललेलं असतं, असं मानायला हा भक्कम आधार आहे.

पण एकत्र बसून आठवण्याला एक अडचण आहे. मेरी सुसान वेल्डन आणि क्रिस्टल बेलिंजर यांनी 1997 साली दाखवलं, की तीन माणसं एकत्र बसून जितकं आठवतात, त्याहून जास्त, तेवढ्याच माणसांनी वेगवेगळं बसून आठवलेलं नंतर एकत्र केलं तर निघतं. एकाने आपल्या क्रमाने सांगायला सुरुवात केली की दुसऱ्याचा शोध मोडतो. मोठ्या आवाजाचा माणूस जे सांगतो ते सगळ्यांचं होतं, आणि कोपऱ्यात बसलेल्या बाईला आठवत असलेली गोष्ट तिच्यापाशीच राहते.

बुडालेल्या गावांच्या बाबतीत हे जाणून घेण्याची निकड आहे, असं मला मनापासून वाटतं. साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग माणसाला उतारवयात सर्वाधिक आठवतात, हे अनेक देशांत दिसलं आहे. तरुणपणी ज्यांनी ती गावं नांदती पाहिली, ती माणसं आज उतारवयाला लागली आहेत. ब्रायन लेव्हिन यांच्या 2002 सालच्या अभ्यासात आढळलं, की वय वाढतं तसा ठरावीक दिवसाचा तपशील कमी होतो आणि 'असं असायचं, तसं चालायचं' हे वाढतं. म्हणून त्यांना "तुमचं गाव कसं होतं?" असं विचारून फार हाती लागत नाही. "घरातून निघून देवळापर्यंत मला चालत न्या" असं म्हणावं. वाटेत जे लागेल तिथे थांबावं, तिथे झालेला एखादा दिवस विचारावा. घाई करू नये, मधला गप्प क्षण बोलून भरू नये. बोंडांचा, भाताच्या पेंढ्याचा वास शक्य असेल तर जवळ असू द्यावा.

आणि आधी प्रत्येकाचं एकट्याचं लिहून किंवा फोनवर रेकॉर्ड करून घ्यावं. भावाचं वेगळं, भावजयीचं वेगळं. तारीख टाकून ठेवावी, कारण तीच माणसं पाच वर्षांनी तेच जरा निराळं सांगतील. सगळ्यांना खळ्यात एकत्र बसवायचं ते त्यानंतर. मग वाद होतील. व्हाळावरचा साकव मांगराच्या वरच्या अंगाला होता की खालच्या, यावर दोघं हट्टाला पेटतील. तेव्हा एकाला खोडून दुसऱ्याचं ठेवू नये, दोन्ही लिहावं. तिथे जाऊन पाहणं आता कुणालाच शक्य नाही.